२७ वर्षांनी पुन्हा गुहेत: वय आपल्याकडून काय काढून घेतं आणि काय तसंच ठेवतं?

३० नोव्हेंबर १९९९. नव्या सहस्रकाचं स्वागत कुठे आणि कसं करायचं, याची तयारी जगभर सुरू होती. त्याच दिवशी ६० वर्षांचे एक फ्रेंच गृहस्थ घड्याळ बाहेर ठेवून दक्षिण फ्रान्समधल्या क्लामूज गुहेत राहायला गेले. आत ऊन नाही, कॅलेंडर नाही, सोबतीला कोणी नाही. नव्या वर्षासाठी शॅम्पेन मात्र बरोबर होती. ती त्यांनी उघडली, तेव्हा बाहेर जानेवारीचे तीन दिवस उलटून गेले होते.

या गृहस्थांचं नाव मिशेल सिफ्र. गुहेत असं एकट्यानं राहण्याचा त्यांचा आधीचा मोठा प्रयोग १९७२ मध्ये झाला होता. म्हणजे तब्बल २७ वर्षांनी ते पुन्हा जमिनीखालच्या एकांतात परतले होते. कशासाठी? वय वाढलं की आपल्या आतलं घड्याळ बदलतं का, हे त्यांना स्वतःच्याच शरीरावर तपासायचं होतं.

प्रश्न एका संशोधकाचा असला तरी तो अनेकांचा आहे. तरुणपणी दोर, गुहा, डोंगर यांचं वेड असतं. मग नोकरी, संसार, मुलं यात वीस-पंचवीस वर्षं निघून जातात. चाळिशी-पन्नाशीत पुन्हा ते सगळं खुणावू लागतं. अशा वेळी शरीरात काय बदललेलं असतं आणि काय शाबूत असतं? आधी सिफ्र यांची गोष्ट बघू, मग बाकीच्यांकडे येऊ.

तेविसाव्या वर्षी: दोन महिने आणि हरवलेले २५ दिवस

सिफ्र मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. जन्म १९३९ चा, फ्रान्समधल्या नीस शहरातला. १९६१ मध्ये आल्प्समधल्या स्कारासोन नावाच्या खोल विवरात एक भूमिगत हिमनदी सापडली. तिचा अभ्यास करायला पंधरा दिवस आत राहायचं, असा त्यांचा साधा बेत होता. मग वाटलं, पंधरा दिवस कमी पडतील, दोन महिने राहू. आणि त्यातूनच दुसरी कल्पना सुचली. घड्याळ न घेताच गेलं तर?

जुलै १९६२ मध्ये ते आत उतरले. शंभर मीटरहून जास्त खोली, गोठवणारी थंडी आणि हवेत सतत ओल. तंबूत राहायचं, भूक लागली की खायचं, झोप आली की झोपायचं. प्रत्येक वेळी उठल्यावर, जेवल्यावर आणि झोपायला जाताना वर असलेल्या सहकाऱ्यांना फोन करायचा. सहकाऱ्यांनी मात्र स्वतःहून फोन करायचा नाही आणि किती वाजले तेही सांगायचं नाही.

प्रत्येक फोनच्या वेळी एक चाचणी असायची. एका सेकंदाला एक, या वेगानं १ ते १२० आकडे मोजायचे. म्हणजे बरोबर दोन मिनिटं लागायला हवीत. सिफ्र यांना एकदा पाच मिनिटं लागली. आपण दोनच मिनिटं मोजली, अशी त्यांची खात्री होती.

१४ सप्टेंबरला प्रयोग संपला, तेव्हा सिफ्र यांच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट! २५ दिवस त्यांच्या मनाच्या हिशेबातून गळून गेले होते.

पण खरी गंमत फोनच्या नोंदींमध्ये होती. मन इतकं चुकत असताना शरीर मात्र चुकत नव्हतं. सिफ्र यांचं झोपणं-उठणं साधारण साडेचोवीस तासांच्या चक्रात चाललं होतं. ऊन नाही, घड्याळ नाही, तरी शरीर आपला दिवस मोजतच होतं. माणसाच्या आत स्वतंत्र घड्याळ असतं, या कल्पनेला यातून मोठं बळ मिळालं.

तेहतिसाव्या वर्षी: २०५ दिवस आणि एक उंदीर

१९७२ मध्ये सिफ्र अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 'मिडनाइट केव्ह' या गुहेत उतरले. या वेळी नासाचा पाठिंबा होता, कारण लांबच्या अंतराळप्रवासात माणसाच्या झोपेचं काय होईल, हे नासाला जाणून घ्यायचं होतं. मुक्काम होता २०५ दिवसांचा.

इथे त्यांच्या शरीरानं वेगळाच खेळ केला. मधूनमधून त्यांचा 'दिवस' ४८ तासांचा होऊ लागला. सुमारे ३६ तास जागं राहायचं आणि १२ तास झोपायचं. गंमत म्हणजे २४ तासांचा दिवस कुठला आणि ४८ तासांचा कुठला, हे त्यांना स्वतःला ओळखता येत नव्हतं.

पण या प्रयोगाची किंमत मोठी होती. रेकॉर्ड प्लेअर बिघडला, पुस्तकांना बुरशी लागली, एकटेपणा खायला उठला. जीव नकोसा वाटावा इथपर्यंत मनाची अवस्था गेली. गुहेत एक उंदीर दिसला, तर त्याला सोबती म्हणून पकडायचं त्यांनी ठरवलं. अनेक दिवस लक्ष ठेवून एकदाचं भांडं त्याच्यावर पालथं घातलं, आणि त्या भांड्याच्या काठाखालीच तो मेला. गुहेतल्या हालांपैकी लोकांच्या सर्वांत लक्षात राहिली ती ही घटना.

बाहेर आल्यावर डोक्यावर कर्ज होतं, जवळपास एक लाख डॉलरचं. खर्चाचा अंदाज साफ चुकला होता. स्मरणशक्तीवर आणि नजरेवरही परिणाम झाल्याचं ते सांगत. एकांताचे प्रयोग थांबले आणि सिफ्र दुसऱ्या कामांकडे वळले.

साठाव्या वर्षी: पुन्हा का?

ठिणगी टाकली ती जॉन ग्लेन यांनी. हे अमेरिकी अंतराळवीर १९६२ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आले होते, म्हणजे सिफ्र पहिल्यांदा एकांतात राहिले त्याच वर्षी. ग्लेन ऑक्टोबर १९९८ मध्ये ७७ व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले. वाढलेल्या वयाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तपासणं हा त्या मोहिमेचा एक भाग होता. सिफ्र यांना वाटलं, जे ग्लेन वर जाऊन करू शकतात, ते आपण खाली जाऊन करू शकतो.

यात एक वैज्ञानिक फायदाही होता. तरुण आणि वयस्क माणसांची तुलना करायची, तर सहसा वेगवेगळी माणसं घ्यावी लागतात. इथे माणूस तोच होता. २३, ३३ आणि ६० अशा तीन वयांतला.

तिसऱ्या वेळी त्यांनी जागा निवडताना शहाणपण दाखवलं. क्लामूज ही पर्यटकांसाठी खुली असलेली, नीट माहिती असलेली गुहा. मुक्कामही टेक्सासच्या निम्म्याहून कमी. फेब्रुवारी २००० मध्ये ते बाहेर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मग आतलं घड्याळ म्हातारं होतं का?

या प्रश्नाचा गुहेशी संबंध सिफ्र यांच्याही आधीचा आहे. १९३८ मध्ये झोपेचे अभ्यासक नॅथॅनिएल क्लाइटमन आपल्या विद्यार्थ्यासह अमेरिकेतल्या मॅमथ केव्हमध्ये ३२ दिवस राहिले होते. २४ ऐवजी २८ तासांचा दिवस शरीराला शिकवता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. विशीतला विद्यार्थी काही दिवसांतच रुळला. ४३ वर्षांच्या क्लाइटमन यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

वय आडवं आलं, असं यावरून कोणालाही वाटेल. पण दोन माणसांवरून नियम बनत नाही. नेमकं उत्तर मिळायला साठ वर्षं लागली.

सिफ्र क्लामूजमध्ये उतरले त्याच वर्षी, जून १९९९ मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी विशीतल्या आणि साठीपुढच्या निरोगी लोकांना वेळेचा पत्ता लागणार नाही अशा खोल्यांमध्ये, अगदी मंद प्रकाशात ठेवलं. दिवसाची लांबी कृत्रिमरीत्या बदलली. क्लाइटमन यांचा तोच २८ तासांचा दिवस इथेही वापरला होता. निष्कर्ष काय निघाला? आतल्या घड्याळाचं चक्र सरासरी २४ तास ११ मिनिटांचं. तरुणांमध्येही तेवढंच आणि ज्येष्ठांमध्येही तेवढंच!

मग सिफ्र यांचे साडेचोवीस तास कसे? गुहेत दिवा त्यांच्या हातात होता. जागं असेपर्यंत तो चालू ठेवायचा, झोपताना विझवायचा. झोपेच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर पडणारा प्रकाश आतलं घड्याळ मागे ढकलतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघितल्यावर झोप लांबते, त्यामागेही काही अंशी हेच कारण असतं.

वयानुसार बदलते ती झोप. मध्यम वयापासून गाढ झोप कमी होते, मधेच जाग येते, पहाटे लवकर डोळा उघडतो. डोळ्यातलं भिंग पिवळसर होत गेल्यानं घड्याळ लावणारा निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. घड्याळाचा वेग तोच राहतो, पण भोवतालची यंत्रणा जुनी होत जाते.

आणि हेच सूत्र गुहेत परतणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतं.

हात विसरत नाहीत, पण खांदे विसरतात

केव्हिंग म्हणजे नैसर्गिक गुहांमध्ये शिरून त्यांचा शोध घेणं. सरपटत अरुंद फटीतून जाणं, पाण्यातून चालणं, खड्ड्यात दोरावरून उतरणं आणि त्याच दोरावरून परत चढणं, हे सगळं त्यात येतं.

एकदा पक्की शिकलेली हाताची कामं मेंदू सहजासहजी विसरत नाही. सायकल जशी वीस वर्षांनीही चालवता येते, तशी गाठही बोटं आपोआप मारू लागतात. शरीराची ताकद मात्र अशी साठवून ठेवता येत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. व्यायाम नसेल, तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी उतरते. सराव असणाऱ्यांत ही घसरण बरीच कमी असते.

खरा धोका या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. नवशिक्या घाबरतो, म्हणून जपून चालतो. परत आलेल्या जुन्या माणसाला सगळं 'येतं'. तो आत्मविश्वास पंचविशीतला असतो, गुडघे पन्नाशीतले. गुहेत जाताना बहुतेक वेळा आधी उतार असतो आणि परतताना चढ. डोंगर चढताना दमलं तर मागे फिरता येतं, कारण कठीण भाग आधी येतो. उभ्या गुहेत सगळ्यांत जास्त ताकद लागते ती शेवटी, अंग थकलेलं आणि ओलं असताना. म्हणून 'अजून पुढे जाता येईल का' यापेक्षा 'इथून परत वर जाता येईल का' हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. जवळचं दिसेनासं झालं की मराठीत आपण 'चाळिशी लागली' म्हणतो. गुहेत हा विनोद राहत नाही. दोराची गाठ बरोबर बसली आहे का, कॅराबिनरचा स्क्रू पूर्ण बंद झाला आहे का, हे सगळं हातभर अंतरावर, डोक्यावरच्या दिव्यात बघायचं असतं. त्यात वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे तेवढ्याच उजेडात कमी दिसतं. उपाय साधा आहे. जवळचा चष्मा पट्टा लावून बरोबर ठेवायचा, दिवा जास्त उजेडाचा घ्यायचा आणि प्रत्येक जोडणी हातानं चाचपून पाहायची.

माळ्यावरची बॅग तशीच उचलायची नाही

वीस वर्षांपूर्वीचं सामान बऱ्याच जणांनी आठवण म्हणून जपलेलं असतं. हार्नेस, स्लिंग, दोर बघायला अगदी नवे वाटतात. पण ते नायलॉनचे असतात आणि नायलॉन नुसतं पडून राहूनही कमजोर होतं. कापडी सामानासाठी अनेक उत्पादक, ते एकदाही वापरलं नसलं तरी, जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात. धातूच्या वस्तूंना अशी मुदत नसते, पण झीज, चीर आणि गंज तपासावाच लागतो.

दिवेही बदलले. पूर्वी हेल्मेटवर कार्बाइडचा दिवा असायचा. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरलं जाणारं, भारतात त्या कामासाठी बंदी असलेलं हेच ते कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळून उजेड पडतो. आता एलईडीमुळे ती कटकट संपली. पण नियम जुनाच आहे: प्रत्येकाकडे एकाला एक पर्याय म्हणून तीन दिवे हवेत.

दोराचं तंत्र मात्र मैदानावरच पुन्हा घोटायला हवं. चढताना मधेच थांबून उतरायची वेळ आली तर साधनं बदलता येतात का, हे जमिनीपासून दोन मीटरवर तपासायचं. यामागे वैद्यकीय कारण आहे. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकून राहिल्यास पायांत रक्त साठतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. दमून दोरावर अडकणं म्हणजे नुसती गैरसोय नसते, जिवावर बेतू शकतं.

आत काही झालं तर काय होतं, याचं उदाहरण जर्मनीतलं आहे. जून २०१४ मध्ये तिथल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे एक हजार मीटर खोलीवर ५२ वर्षांच्या एका संशोधकाच्या डोक्यावर दगड पडला. माणूस अनुभवी होता, गुहाही त्याच्या ओळखीची होती. त्याला बाहेर काढायला अकरा दिवसांहून जास्त लागले आणि पाच देशांतले सातशेहून जास्त लोक राबले. म्हणून आत जाण्यापूर्वी वर असलेल्या कोणाला तरी 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवा' असं सांगून ठेवणं, ही केव्हिंगमधली पहिली शिस्त मानतात.

मग वयाचा फायदा काहीच नाही?

आहे, आणि तो जगानं टीव्हीवर पाहिला आहे. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. नवव्या दिवशी, २ जुलैला, गढूळ पाण्यातून पोहत त्यांच्यापर्यंत पोहोचले ते दोन ब्रिटिश गुहा-पाणबुडे. रिक स्टँटन हे पन्नाशी ओलांडलेले निवृत्त अग्निशमन जवान, तर जॉन व्होलंथन हे ४७ वर्षांचे आयटी सल्लागार. त्या बचावकार्यात गुहेतलं पाणी उपसण्यासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही मदत केली होती.

या दोघांकडे दंडाच्या ताकदीपेक्षा मोलाचं काही होतं. अंधारात, काही दिसत नसताना, डोकं शांत ठेवून एकेक काम करायची सवय. ती दशकांच्या सरावातून येते. गुहेत घाई हा दोष असतो. वेळ लावणारा, वाट नीट लक्षात ठेवणारा आणि 'आज इथूनच मागे फिरू' म्हणताना कमीपणा न मानणारा माणूस तिथे जास्त उपयोगी पडतो. हे गुण विशीत क्वचितच असतात.

स्पेनच्या बेआट्रिस फ्लामिनी यांचं उदाहरणही याच वयातलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या गुहेत राहायला गेल्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. ५०० दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये प्रयोग संपला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्यांचा स्वतःचा अंदाज १६०-१७० दिवसांचा होता.

महाराष्ट्रातल्या माणसानं कुठे जायचं?

आपल्याकडे 'गुहा' म्हटलं की अजिंठा, कार्ला, घारापुरी डोळ्यांसमोर येतात. पण ती लेणी आहेत, माणसानं कोरलेली. लांबच लांब नैसर्गिक गुहा प्रामुख्यानं चुनखडीत तयार होतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो-लाखो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट असा विरघळत नाही. त्यामुळे इथल्या जुन्या गिर्यारोहकांचा दोराशी संबंध असतो तो कड्यावरच्या रॅपलिंगमुळे.

पुन्हा हळूहळू सुरुवात करायची, तर आंध्र प्रदेशातल्या बोरा आणि बेलम या गुहा किंवा बस्तरमधली कुटुमसर गुहा पर्यटक म्हणून बघता येते. अंधार, ओल आणि बंदिस्तपणा अंगाला मानवतो का, हे तिथे कळतं. खऱ्या केव्हिंगसाठी भारतात मेघालयाला पर्याय नाही. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. क्रेम लिआत प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. क्रेम पुरी वालुकाश्मातली असूनही २४ किलोमीटरच्या पुढे जाते. १९९२ पासून शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनबरोबर देशोदेशीचे केव्हर्स तिथे मोजमापाच्या मोहिमा काढतात. जायचं ते कोरड्या दिवसांत, स्थानिक जाणकारांबरोबरच. पावसाळ्यात त्याच गुहा नद्या होतात.

जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. दोन-तीन महिने जिना, पाठीवर वजन आणि दोरावरचा सराव करावा. आणि पहिली गुहा जुन्या वहीतल्या सगळ्यात कठीण गुहेपेक्षा खूप सोपी निवडावी. स्कारासोनच्या बर्फात राहिलेल्या सिफ्र यांनीसुद्धा साठाव्या वर्षी पर्यटकांची गुहाच निवडली होती.